होडीची मोटर आणि बॅटरी : वाचक विचारतात

इलेक्ट्रिक मोटर लावलेल्या छोट्या होड्यांबद्दल पत्रे येतात, तेव्हा त्यांत मोटरची तक्रार क्वचितच असते. तक्रार असते ती बॅटरी, वायर आणि चार्जर यांची. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, त्यामुळे अनेकजण या जोडणीला खेळण्यातले काम समजतात. पण या वायरमधून ५० अँपिअर वाहतात, आणि खालच्या बहुतेक उत्तरांचे मूळ त्याच आकड्यात आहे.

प्रश्न : १४ फुटी होडीला १२ व्होल्ट, ५५ पौंड थ्रस्टची (होडी ढकलण्याच्या जोराची) मोटर लावायची आहे. किती एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घ्यावी? गाडीची एक बॅटरी पडून आहे, ती चालेल का?

उत्तर : गाडीची बॅटरी मोटर फिरवेल, पण टिकणार नाही. स्टार्टरला दोन-चार सेकंद भरमसाट करंट द्यायचा आणि तो खर्च अल्टरनेटरने लगेच भरून काढायचा, एवढ्या कामासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त ठेवलेल्या असतात. ती तासन्‌तास उतरवत नेली की प्लेटांवरचा मसाला सुटून तळाशी गाळ साचतो आणि काही डझन फेऱ्यांत बॅटरी बसते. मोटरला जाड प्लेटांची डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा पुन्हा भरता येणारी, बॅटरीच हवी. लेबलवर नुसते ‘मरीन’ लिहिलेले पाहून घेऊ नका. त्यावर २० तासांच्या दराने एएच दिले आहेत का ते बघा. फक्त क्रँकिंग अँपिअर, म्हणजे इंजिन सुरू करताना मिळणारा करंट, दिले असतील तर ती स्टार्टिंगची बॅटरी समजावी.

आता हिशेब. १२ व्होल्टच्या मोटरला पूर्ण वेगात पौंडामागे साधारण एक अँपिअर लागतो. तुमची मोटर म्हणजे ५० अँपिअरच्या आसपास. मध्यम वेगात सरासरी २० अँपिअर धरू. चार तास चालवायची तर ८० एएच खर्च. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १६० एएच. वारा समोरून आला तर परतताना जास्त खर्च होतो, त्यासाठी पाचवा हिस्सा राखीव ठेवला की आकडा २०० च्या जवळ जातो. म्हणजे १०० एएचच्या दोन बॅटऱ्या समांतर, वजन ५५ ते ६० किलो, अर्थात होडीत एक माणूस जास्तीचा बसला. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. तिथे १२० एएच पुरते आणि वजन साधारण १५ किलोवर येते.

बॅटरीपेक्षाही जास्त फरक पडतो तो वेगाने. पाणी कापत जाणाऱ्या होडीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर कागदावर तरी शक्ती एक-अष्टमांश लागते. वारा आणि प्रवाह हे गणित बिघडवतात, तरी शेवटच्या थोड्याशा वेगासाठी आपण किती मोजतो ते यावरून कळेल. मात्र मोटरचा कंट्रोल कसा आहे ते पाहा. पाच टप्प्यांचा स्विच असलेल्या बऱ्याच स्वस्त मोटरींत कमी वेगासाठी मध्ये रेझिस्टन्स टाकलेला असतो. त्यात थोडी वीज गरम होण्यातच जाते आणि बचत अपेक्षेइतकी होत नाही. वेग सलग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर कमी वेगात बॅटरी खरोखर वाचते.

प्रश्न : माझी बॅटरी १०० एएचची, दोन वर्षे वापरलेली. चार्जिंगनंतर मीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात. पण पूर्ण वेगात ४० मिनिटांत मोटर मरगळते. ५० अँपिअरने दोन तास चालायला हवी ना?

उत्तर : दोन तास ती नवी असतानाही चालली नसती. १०० एएच हा आकडा ५ अँपिअरने २० तास उतरवून काढलेला असतो. शिशाच्या बॅटरीतून जितका मोठा करंट घ्याल तितकी तिची उपयोगी क्षमता घटते, कारण आम्लाला प्लेटांच्या आतपर्यंत झिरपायला वेळच मिळत नाही. ५० अँपिअरला १०० एएचमधून ६० ते ६५ एएचच हाती लागतात. म्हणजे नवी बॅटरी पूर्ण वेगात, पार रिकामी होईपर्यंत, सव्वा तास. तुमची ४० मिनिटे चालते, म्हणजे निम्मी क्षमता गेलेली आहे.

मीटरवरचे १२.७ फसवे आहेत. व्होल्टेज बॅटरी किती भरली ते सांगते, तिचे पोट केवढे उरले आहे ते सांगत नाही. शिवाय चार्जर काढल्या काढल्या घेतलेले रीडिंग वरवरच्या चार्जमुळे चढे येते. सगळे सोडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. पाण्याच्या, म्हणजे आत पातळ आम्ल असलेल्या, बॅटरीला १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. एजीएमचे, म्हणजे काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीचे, आकडे एक-दोन दशांशांनी वर असतात.

टोपणे उघडणारी बॅटरी असेल तर आम्लाची घनता मोजणारे हायड्रोमीटर घ्या आणि सहाही सेल एकेक करून तपासा. पूर्ण चार्जला १.२६५ च्या जवळपास यायला हवे. पाच सेल १.२६० आणि एकच १.२०० असेल तर तो सेल गेला. तिथे दुरुस्ती नाही, बॅटरीच बदलायची. सगळेच सेल सारखे कमी, समजा १.२१०, असतील तर प्लेटांवर सल्फेट, म्हणजे बॅटरी उतरताना तयार होणारा शिशाचा क्षार, चढले आहे किंवा चार्जिंग पुरे होत नाही. यातून मात्र काही वेळा बॅटरी सावरते. चार्जरला इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जादा व्होल्टेज देऊन सगळे सेल सारखे करण्याची सोय, असेल तर टोपणे उघडी ठेवून, हवेशीर जागी, १५.५ व्होल्टच्या आसपास दोन-तीन तास द्या आणि दर अर्ध्या तासाने घनता बघा. वाढायची थांबली की थांबा. हा उपाय एजीएम, जेल (आम्ल घट्ट केलेली) आणि लिथियमवर कधीही करायचा नाही.

खरी क्षमता मोजायची असेल तर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब पुरतो. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला तो जोडा आणि मीटर १०.५ व्होल्टवर येईपर्यंतचा वेळ मोजा. चांगली १०० एएचची बॅटरी २० तासांच्या पुढे जाते. १२ तासांतच आटोपली तर ५४ एएच उरले. बल्ब तापतो, त्यामुळे तो धातूवर किंवा विटेवर ठेवा आणि शेवटच्या तासांत मीटरजवळून हलू नका. चाचणी संपताच बॅटरी चार्जिंगला लावायची, उद्यावर टाकायचे नाही. या चाचणीत बॅटरी पार रिकामी होते, तेव्हा वर्षातून एकदा पुरे.

प्रश्न : २४ व्होल्टच्या मोटरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या आहेत. त्यातली एक जुनी, एक नवी. दिवे आणि फिशफाइंडर (मासे शोधणारे यंत्र) खालच्या, म्हणजे मायनसकडच्या, एका बॅटरीवरून घेतले आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही चुकीचे. सिरीजमध्ये दोन्हींतून करंट एकच वाहतो. जुनी आधी संपते, पण नवी ढकलतच राहते, आणि जुनीतले कमजोर सेल उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतात. अशा दोन-तीन फेऱ्यांत जुनी कायमची जाते आणि जाता जाता नवीलाही कमी चार्जिंगची सवय लावते, कारण चार्जर दोघींचे मिळून व्होल्टेज पाहतो. जोडीच्या बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात. एक बदलली की दुसरीही बदलायची.

दिव्यांचेही तेच. खालची बॅटरी रोज थोडी जास्त उतरते आणि कधीच पूर्ण भरत नाही. १२ व्होल्ट हवे असतील तर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर २४ ते १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर बसवा, किंवा दिव्यांसाठी ७ एएचची छोटी वेगळी बॅटरी ठेवा. दुसरा मार्ग आम्हांला जास्त पसंत आहे. मोटरची बॅटरी संपली तरी दिवे चालू राहतात.

चार्जिंगला एक तर २४ व्होल्टचा चार्जर, नाहीतर दोन बँकांचा चार्जर, ज्याची प्रत्येक प्लस-मायनस जोडी दुसरीपासून अलग असते. दुसरा चांगला, तो प्रत्येक बॅटरी स्वतंत्र भरतो. घरातले दोन सुटे १२ व्होल्टचे चार्जर एकाच वेळी लावण्याआधी त्यांचे मायनस अर्थिंगला जोडलेले नाहीत ना, ते तपासा. वरच्या बॅटरीचे मायनस म्हणजेच खालच्या बॅटरीचे प्लस. दोन्ही चार्जरची मायनस टोके अर्थमधून एकत्र आली की खालची बॅटरी सरळ शॉर्ट होते. शंका असेल तर मधली जोडवायर काढून मगच चार्ज करा.

समांतर लावणाऱ्यांसाठी एक ओळ : प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले तर तीच जास्त राबते.

प्रश्न : मोटरची वायर मगरचिमट्यांनी बॅटरीला जोडतो. मध्ये प्लग आहे. परवा प्लग वितळला, चिमटाही हात लावता येणार नाही इतका तापला होता. फ्यूज का उडाला नाही?

उत्तर : कारण करंट वाढलाच नव्हता. फ्यूज जादा करंटला उडतो, खराब सांध्याला नाही. सांध्यावर ०.३ व्होल्ट पडत असतील आणि ५० अँपिअर वाहत असतील तर त्या रुपयाएवढ्या जागेत १५ वॉट उष्णता सतत तयार होते. तांबे तापले की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, स्प्रिंग ढिली पडते, आणखी तापते. चिमटे चार्जिंगच्या पाच-दहा अँपिअरसाठी असतात. मोटरला ते लावायचेच नाहीत.

वायरीपासून सुरुवात करा. बॅटरी ते मोटर अंतर ३ मीटर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबे. ५० अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण ०.८५ व्होल्ट जातात, म्हणजे १२ मधले ७ टक्के. १० च्या वायरीत अर्धा व्होल्ट, १६ च्या वायरीत ०.३ च्या आसपास. १६ घ्या. बॅटरी नाकाडाला आणि मोटर मागे असेल, अंतर ५ मीटर होत असेल, तर २५. वायर बारीक तारांची, लवचीक हवी. खाऱ्या पाण्यात कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या. साध्या तांब्यात पाणी वातीतल्या तेलासारखे आत चढते, आणि सहा महिन्यांनी आवरण सोलले की आतल्या तारा काळ्या निघतात.

टोकांना लग, म्हणजे बोल्टला अडकवायची भोकाची धातूची टोके, बसवायचे ते षटकोनी दाबाच्या क्रिम्पिंग टूलने. छन्नी-हातोड्याने चेपलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, आत पोकळ असतो. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. तापल्यावर ते मऊ होते, आणि सोल्डर मुरलेली वायर कडक होऊन हादऱ्यांनी त्याच जागी तुटते. लगचे भोक बोल्टइतकेच असावे, ८ मिलिमीटरच्या बोल्टला ८ चेच. बॅटरीच्या टर्मिनलवर सर्वात आधी मोटरचा जाड लग बसतो, त्यावर बाकीचे छोटे लग, मग वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. अनेकजण लगच्या खाली स्टीलचे वॉशर घालतात. स्टेनलेस स्टील तांब्याच्या कितीतरी पट कमी वीज वाहते, त्यामुळे सगळा करंट त्या चकतीतून रांगत जातो. हाताने फिरवायचे विंग नट काढून टाका आणि पान्याने आवळायचे नट लावा. शिसे मऊ असते, दाबाखाली बसते, म्हणून पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

मध्ये प्लग हवाच असेल तर ५० अँपिअरच्या वर सतत चालणारा, चपट्या जोडसंपर्कांचा डीसी प्लग घ्या. घरातला तीन पिनांचा नाही.

फ्यूज किंवा ब्रेकर प्लसच्या वायरीवर, बॅटरीपासून एका वितीच्या आत. तो वायरीचे रक्षण करतो. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा शॉर्ट झाला तर त्याला कोणी वाली नाही, म्हणून तो तुकडा जमेल तितका लहान. तुमच्या मोटरला ६० अँपिअर पुरेसा, पण डीसीसाठी बनवलेलाच. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे घरच्या एमसीबीत ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, संपर्क जळत राहतात. लिथियमच्या मोठ्या बँकेला शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सुटतात, तिथे एवढा शॉर्ट तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज लावतात.

सगळे बसवल्यावर एक चाचणी करा. मोटर पाण्यात, पूर्ण वेगात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरे त्यावरच्या लगवर. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर गेले तर सांधा उघडून घासा. असेच प्रत्येक सांध्यावरून, ब्रेकरवरून, प्लगवरून जा. कुठे वीज मरते ते पाच मिनिटांत कळते, आणि बोट भाजायची वेळ येत नाही.

प्रश्न : चार्जर केवढा घ्यावा? हिरवा दिवा लागला की मी काढून टाकतो. कधी कधी घाईत पाच तासांत काढतो. चालेल ना?

उत्तर : पाण्याच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहावा ते पाचवा हिस्सा, म्हणजे १०० एएचला १० ते २० अँपिअर. एजीएम थोडे जास्त झेपवते. २ अँपिअरच्या चार्जरने बॅटरी भरते, पण दिवस लागतात, आणि मोठ्या बॅटरीतले आम्ल ढवळले जात नाही. जड आम्ल खाली, पाणचट वर असे थर पडतात आणि प्लेटा तळाशी झिजतात.

निम्मी उतरलेली १०० एएचची बॅटरी घ्या. १० अँपिअरने पहिल्या तीन-चार तासांत ती ८० टक्क्यांच्या आसपास येते. इथे व्होल्टेज १४.४ ते १४.७ ला पोहोचते आणि चार्जर ते तिथेच धरून ठेवतो. करंट हळूहळू उतरतो : ८, ५, ३, २ अँपिअर. हे शेवटचे २० टक्के भरायला आणखी तीन-चार तास जातात, आणि तिथे घाई करता येत नाही. करंट क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, इथे १ ते २ अँपिअरवर, आला की भरली. मग चार्जर १३.५ ते १३.८ वर उतरून नुसता टेकू देतो. शिवाय जितके काढले त्याच्या दहा-पंधरा टक्के जास्त घालावे लागते. म्हणून निम्म्या बॅटरीला आठ तास धरा.

तुम्ही पाच तासांत काढता तेव्हा दर वेळी दहा-बारा टक्के मसाला सल्फेटच्या रूपात तसाच राहतो. ताजे सल्फेट चार्जिंगने विरघळते, आठवडाभर राहिलेले कडक होते आणि मग विरघळत नाही. वरच्या दुसऱ्या प्रश्नातल्या वाचकाची निम्मी क्षमता बहुधा अशीच गेली आहे. आणि हिरव्या दिव्याचे म्हणाल तर काही साधे चार्जर १४.४ गाठताच तो लावतात, म्हणजे बॅटरी ८०-८५ टक्क्यांवर असताना. एकदा दिवा लागल्यावर मीटरने करंट मोजा. अजून ६ अँपिअर जात असतील तर दिवा खोटा. तीन टप्प्यांचा चार्जर असेल तर रात्रभर राहू द्या.

उन्हाळ्यात चार्जर तापमानाप्रमाणे व्होल्टेज उतरवणारा असावा. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीला २० ते ३० मिलिव्होल्ट कमी लागतात. ४० अंशाला १४.७ हे तिला जास्त होते, पाणी उडते. जेल बॅटरीला १४.१-१४.२ च्या वर न्यायचेच नाही, आत कायमचे बुडबुडे राहतात.

आणि चार्जिंग त्याच दिवशी. उद्या बघू म्हटले की त्या रात्रीपासूनच सल्फेट कडक व्हायला लागते.

प्रश्न : बॅटरी प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवून होडीतच चार्ज केली तर धोका आहे का? पाणी कधी घालायचे?

उत्तर : पाण्याची बॅटरी शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, आणि तो हलका असल्याने झाकणाखाली साचतो. पेटीला वर भोके हवीत, झाकण चार्जिंगपुरते काढलेले उत्तम. चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंद. ठिणगी पडते ती याच क्षणी, आणि ती बॅटरीच्या तोंडाशीच असते. लावताना आधी प्लस, काढताना आधी मायनस. पाना चुकून शेजारच्या धातूला लागला तरी मग शॉर्ट होत नाही. आम्लाच्या कामाला चष्मा घाला. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टर.

होडी पाण्यात असताना धक्क्यावरून वीज घेत असाल तर ती ३० मिलिअँपिअरच्या गळती-ब्रेकरमधूनच घ्या आणि चार्जरचे अर्थिंग जागेवर असल्याची खात्री करा. साधा चार्जर होडीत नको. पाणी लागले तरी चालणारा, बंद खोक्याचा हवा.

पाणी चार्जिंगनंतर घालायचे, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि आम्ल उतू जाते. अपवाद एकच : प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढे आधी घाला, बाकीचे नंतर. फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले लोह आणि क्लोरीन प्लेटा खातात. आम्ल घालायचे नाही. उडते ते पाणी, आम्ल आतच असते.

प्रश्न : एलएफपी बॅटरी घेतली. जुना चार्जर चालेल का? काल होडीत ती एकदम बंद पडली, टर्मिनलवर शून्य व्होल्ट, आणि चार्जर ‘बॅटरी नाही’ म्हणतो.

उत्तर : बॅटरी मेली नाही, तिच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटने, दार लावले आहे. सेल २.५ व्होल्टच्या आसपास आले, किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, की तो बाहेरचा मार्ग तोडतो. आधी सगळा भार सोडवा आणि काही मिनिटे थांबा, कित्येक बीएमएस आपण होऊन परत येतात. नाही आला तर लिथियमचा चार्जर लागेल, जो शून्य व्होल्टवरही सुरू होतो. जुन्या ‘स्मार्ट’ चार्जरला समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय तो चालूच होत नाही, म्हणून तुमची अडचण.

जुन्या चार्जरमध्ये इक्वलायझेशन किंवा सल्फेट काढण्याचा आपोआप चालणारा टप्पा असेल तर तो एलएफपीला लावूच नका. एलएफपीला १४.२ ते १४.६ पर्यंत, आणि भरल्यावर बंद. तापमान शून्य अंशाखाली असताना चार्ज करायचे नाही, कारण सेलमध्ये धातुरूप लिथियम साचते आणि ते परत जात नाही.

५० अँपिअरच्या मोटरला ५० अँपिअरचाच बीएमएस असलेली छोटी बॅटरी घेऊ नका. गवतात पंखा अडकताच ती बंद पडेल. किमान दीडपट मर्यादा हवी. आणि बॅटरी किती उरली ते दाखवणारे मोटरच्या डोक्यावरचे दिवे विसरा, ते शिशाच्या बॅटरीसाठी बसवलेले असतात. एलएफपी ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळपास १३ व्होल्टच दाखवते, मग एकदम कोसळते. मायनसच्या वायरीत शंट (करंट मोजण्यासाठीची रेझिस्टन्सची पट्टी) बसवून एएच मोजणारा मीटर लावा. सगळे मायनस, चार्जरचेही, शंटच्या पलीकडच्या बाजूने गेले पाहिजेत. एक जरी थेट बॅटरीवर राहिले तर मीटर खोटे बोलतो.

दोन एलएफपी सिरीजमध्ये लावायच्या असतील तर आधी प्रत्येक स्वतंत्र पूर्ण भरा. किती सिरीजमध्ये चालतात ते बॅटरीच्या कागदावर असते, त्यापुढे जाऊ नका.

प्रश्न : १०० वॉटचे सोलर पॅनल लावून चार्जरची कटकट संपेल का?

उत्तर : संपणार नाही, कमी होईल. स्वच्छ उन्हाच्या दिवशी २५ ते ३० एएच मिळतात. मध्यम वेगाचा दीड तास. पॅनल आडवे आणि डोक्यावर कापडाची सावली पडत असेल तर त्याहून कमी, कारण एका कोपऱ्यावरच्या सावलीनेही अख्ख्या पॅनलचा करंट कोसळू शकतो. आठवड्यातून एकदा फिरणाऱ्याला मात्र ते पुरते. पॅनल थेट बॅटरीला नको, मध्ये एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून चार्जिंग सांभाळणारा), त्यात बॅटरीचा प्रकार नीट निवडलेला. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, सोडवताना उलट.

प्रश्न : चार महिने होडी बंद राहणार. बॅटरीचे काय करू? सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने ती उतरते म्हणतात.

उत्तर : सिमेंटचे जुने झाले. पूर्वी लाकडी आणि रबरी खोकी असायची, त्यांतून थोडी गळती होई. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला जमिनीने काही होत नाही.

शिशाची बॅटरी पूर्ण भरून, सगळ्या वायरी सोडवून, सावलीच्या थंड जागी ठेवा. पाण्याची बॅटरी २५ अंशाला महिन्याला साधारण पाच टक्के आपोआप उतरते. दर दहा अंशांनी हा वेग दुप्पट होतो. महिन्यातून एकदा मोजा, १२.४ दिसले की पुन्हा भरा. एलएफपी उलट : ५०-६० टक्क्यांवर ठेवायची, भरलेली नाही, आणि तीन महिन्यांनी बघायची. बीएमएस स्वतः थोडी वीज खातो, हे विसरून रिकामी बॅटरी ठेवली तर ती परत उठत नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. टोपणे घट्ट लावलेली हवीत, सोडा सेलमध्ये गेला तर आम्ल मारतो. कोरडे करून नट आवळा आणि त्यावर पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग लग असा क्रम नको.

प्रश्न : मोटर सुरू केल्यावर दहा मिनिटांनी ब्रेकर पडतो. ६० चा काढून १०० चा लावू का?

उत्तर : वायर १६ ची असेल तर अजिबात नाही. मग अडचण आली की ब्रेकरऐवजी वायर तापेल. आधी पंखा काढा. पिनेच्या मागे, शाफ्टभोवती, मासेमारीची दोरी गुंडाळलेली असते आणि बाहेरून ती दिसत नाही. ती सीलमध्ये घुसली असेल तर मोटरच्या डब्यात पाणी शिरायला लागले आहे, सील लगेच बदला. पंखा स्वच्छ असेल तर डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने करंट बघा. एसीवाला क्लॅम्प इथे शून्य दाखवेल. करंट ५० च्या आत असूनही ब्रेकर पडतो, तर दोष ब्रेकरच्या जागेत आहे. हे ब्रेकर उष्णतेवर चालतात. उन्हात तापलेल्या झाकणावर बसवलेला किंवा ढिल्या नटाने गरम होणारा ब्रेकर ६० च्या बराच आधी पडतो. सावलीत हलवा, दोन्ही लग उघडून घासा, आवळा, आणि वरची मिलिव्होल्टची चाचणी त्याच्या दोन टोकांवर घ्या. तरीही १०० मिलिव्होल्टच्या वर दिसले तर ब्रेकर आतून जळला आहे, तेवढ्याच रेटिंगचा नवा लावा.